कोरा पाय

मालिशचं ते महागडं मशीन घ्यावं का, असं मला अजूनही कोणी ना कोणी विचारतं. पळणारी पोरं विचारतात, त्यांचे आईबाप विचारतात, परवा तर एका लग्नात जेवायला बसल्यावर शेजारच्या बाईंनी विचारलं. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच त्यांना हवं असतं, आणि नेमकं तेवढंच मला जमत नाही. तोंड उघडलं की देवळाली प्रवरेतले आमचे घरमालक डोळ्यांपुढे उभे राहतात आणि त्यांचीच गोष्ट सुरू होते. मग विचारणारा माणूस मोबाईलमध्ये डोकं घालतो.

पोलीस भरतीची तयारी करायला मी सोनईकडच्या आमच्या गावातून देवळालीत राहायला गेले होते. वडील खोली बघायला सोबत आले होते. आम्ही फाटक उघडून आत गेलो तर घरमालक ओट्यावर बसलेले, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली, उजवा पाय स्टुलावर. हातात भिंतीला भोक पाडायच्या ड्रिलसारखं काहीतरी होतं. त्याच्या टोकाला रबरी गोळा होता आणि तो त्यांच्या पोटरीवर टरटर आपटत होता. आम्ही चपला काढून उभेच. त्यांचं झालं, त्यांनी मशीन बंद केलं, पाय खाली घेतला आणि पँट सोडली.

वडिलांना राहवलं नाही. “दुसऱ्या पायाला न्हाई लावीत का?”

“त्यो कोरा हाय,” ते म्हणाले आणि किल्ली आणायला आत गेले.

वडिलांनी माझ्याकडे बघितलं, मी वडिलांकडे. पण खोली हवेशीर होती, नळाला पाणी होतं आणि भरतीवाल्या पोरींना खोली द्यायला गावात दुसरं कोणी फारसं तयार नव्हतं. म्हणून घेतली.

त्यांना आम्ही काका म्हणायचो. काका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होते आणि मी गेले तेव्हा रिटायर झालेले होते. आयुष्यभर उसाचा रस तपासला, त्यात हे मिसळ, ते मिसळ, रंग बघ, गोडी बघ. तिथे एक नळी अशी ठेवायची असते की तिच्यात काहीच मिसळायचं नाही. तिला ते ‘कोरी’ म्हणायचे. कोरी नळी शेजारी नसेल तर मिसळलेल्या नळीत काय बदल झाला ते कळणार कसं, असा त्यांचा सवाल. कारखाना सुटला, पण कोरी नळी काही सुटली नाही. घरभर तिचा सुळसुळाट होता. कंपाउंडच्या भिंतीला अर्ध्यापर्यंत वॉटरप्रूफ रंग, पुढे नुसता गिलावा. दाराच्या एका फळीच्या बिजागरीला तेल, दुसरी कुरकुरतेय. अंगणात कढीपत्त्याची दोन झाडं, एकाला ताक घालायचे, एकाला नाही. कोणीतरी डोक्याला लावायचं आयुर्वेदिक तेल दिलं तर काकांनी ते उजव्या बाजूला लावलं आणि डावी बाजू तशीच ठेवली. महिनाभर ते तसेच लग्नकार्याला जात होते. हसावं की काळजी करावी ते कळायचं नाही.

बोलण्यातही तेच. त्यांच्यापुढे काहीही बरं, छान, मस्त म्हणायची सोय नव्हती.

“काका, चहा मस्त झालाय.”

“कशाच्या मानानं?”

“आज ऊन जास्त आहे.” “कशाच्या मानानं?” “तब्येत बरी आहे ना काका?” “कशाच्या मानानं बरी?” माणूस चिडायचा. मी तर फार चिडायचे. मला एकूणच लवकर राग येतो, आणि त्या वर्षी मी सदोदित उकळत असायचे. वय भरत आलं होतं. ही भरती हुकली की खुल्या वर्गातल्या माझ्यासारखीला पोलिसाचं दार कायमचं बंद. झोपेत पाय हलायचे, जेवताना पाय हलायचे, पुस्तक घेऊन बसलं तरी खाली पाय हलतच असायचे.

काकांचंही तसंच. तो माणूस मशीनपुरता बसायचा, एरवी नाही. पेपर अंगणात फेऱ्या मारत वाचायचे. भाकरी हातावर घेऊन उभ्यानं खायचे. सकाळी अंधार सरायच्या आत पळायला बाहेर पडायचे आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्यांच्या कडेनं, मळीच्या वासात, कालव्याच्या पुलापर्यंत जाऊन यायचे. पळणं चांगलं नव्हतं त्यांचं. खांदे वर, हात इकडे तिकडे, पण थांबायचे नाहीत. आमच्या भरतीच्या बॅचची पोरं त्यांना बघून खिदळायची आणि मग त्यांच्या मागे पडायची.

आमच्या बॅचला शिकवणारे सर भला माणूस होता. स्वतः लष्करातून आलेला, पोरांवर जीव टाकणारा. पण त्यांच्या डोक्यात ते मशीन बसलं. कुठल्याशा व्हिडिओत त्यांनी परदेशातले धावपटू बघितले, आणि एका सकाळी ग्राउंडवर आम्हाला गोल बसवून सांगितलं, “सराव सगळेच करत्यात. मेरिटमधी यायचं आसंल तर रिकव्हरी पायजे. ज्याच्याकडं मशीन न्हाई त्यानं मंग नंतर रडायचं न्हाई.” झालं. आठवडा गेला नाही तोच बॅचमध्ये मशीनं दिसायला लागली. तशी साधीही मिळतात, पण सरांनी सांगितलेल्या कंपनीच्या मशीनच्या किमतीत आमच्याकडे एक दुभती शेळी आली असती. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीच्या घरची खरंच एक शेळी गेली. रोज संध्याकाळी ती खाटेवर बसून मांड्यांवर मशीन फिरवायची आणि म्हणायची, “लई भारी वाटतंय गं.” मी दात खात पडून राहायचे.

काकांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते अस्वस्थ झाले. म्हणजे होतेच त्याहून जास्त झाले. त्यांच्याकडचं मशीन लेकीनं नाशिकहून पाठवलेलं. पण तेवढ्यावर भागेना. त्यांनी एकामागून एक सगळं मागवलं. लाटण्यासारखा खाचाखाचांचा रोलर आला, काटेरी चेंडू आला. शेवटी तर मांडीपर्यंत चढवायचे, आपोआप हवा भरून पाय दाबणारे बूट आले. तो बूट त्यांनी एकच चढवला. दुसरा खुंटीला टांगलेला असायचा. कुरिअरवाला पोरगा फाटकातून ओरडायचा, “काका, आज कोन्ता पाय?” काकांना ते लागायचं नाही. ते त्याला थांबवून डावा-उजवा समजावून सांगायला लागायचे आणि तो गाडी चालू करून पळायचा.

त्या सगळ्याचा निकाल त्यांनी एक दिवस जाहीर केला. मशीनचा उजवा पाय आणि कोरा डावा पाय यांत फरक आहे, डावा लवकर दमतो, सकाळी जास्त आखडतो. म्हणजे मशीन कामाचं आहे. हे त्यांनी ओट्यावर उभं राहून आम्हा दोघींना सांगितलं आणि माझ्या मैत्रिणीनं माझ्याकडे जिंकल्यासारखं बघितलं. मला ते सहन झालं नाही.

“काका, तुमी रस्त्याच्या कोन्त्या कडंनं पळता?”

“डाव्या. नियम हाय.”

“येतानी?”

“येतानीबी डाव्याच.”

“रस्ता मदी उंच हाय आन कडंला उतरता हाय. तुमचा डावा पाय जातानी बी खालीच पडतो आन येतानी बी. दमंल न्हाई तर काय करंल?”

 काका चपला न घालताच फाटकाबाहेर गेले आणि आम्ही बघतोय तर हा माणूस रस्त्याच्या कडेला ओणवा होऊन डांबराचा उतार बघतोय. मागून ट्रॅक्टरवाला हॉर्न मारतोय. परत आले ते घामानं ओले. “सगळा हंगाम फुकट ग्येला,” म्हणाले. मला वाटलं आता बोलणं खावं लागणार. तर म्हणाले, “हे मला कुनी आदी का न्हाई सांगितलं?” आणि इतके खूश झाले की त्यांनी स्वतः जाऊन भेळ आणली. दुसऱ्या दिवसापासून जाताना डाव्या कडेनं, येताना त्याच कडेनं, म्हणजे समोरून येणाऱ्या ट्रॉल्यांच्या अंगावर. आणि कुठला पाय कोरा ठेवायचा ते आपण ठरवायचंच नाही, नाणं उडवायचं. आपण ठरवलं की आपल्या मनासारखंच होतं, असं ते म्हणाले.

या खेपेला फरक मावळला. दोन्ही पाय सकाळी सारखेच कुरकुरायला लागले. “मशीन लावल्यावं पाय तासभर खूश आसतो,” काकांनी सांगितलं, “खूश आसतो, पन सुदारत न्हाई.” पुढे मी कितीतरी जणांच्या पायांवर ते मशीन बघितलं, स्वतःच्याही, आणि मला यात बदल करावासा वाटलेला नाही. भरून आलेल्या पोटरीला बरं वाटतं. आईनं खोबरेल लावून चोळलं तरी तेवढंच वाटतं, आणि आई वर दोन शब्द बोलते.

पण हे शहाणपण त्या वेळी माझ्या काय कामाचं? ग्राउंडची, म्हणजे मैदानी चाचणीची, तारीख जवळ आली आणि माझ्या दोन्ही नडग्या दुखायला लागल्या. डावी जास्त. जिना उतरताना कठड्याला धरावं लागायचं. सर म्हणाले, मशीन लाव. मैत्रीण म्हणाली, माझं घे, पण तिला ते सारखं लागायचं. शेवटी मी काकांकडे गेले.

“घिऊन जा,” ते म्हणाले. मग खिशात हात घातला आणि नाणं काढलं. “छापा आला तर डावा, काटा आला तर उजवा. दुसरा कोरा.”

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा माझा तोल गेला. “काका, माझ्या नोकरीचा सवाल हाय! माझं वय चाललंय, मला डावा दुखतोय, आन तुमी नानं उडवताय?”

“डावा जास्त दुखतोय म्हनून तू डाव्यालाच लावशील. मंग कमी झालं तर कशानं झालं? आन न्हाई झालं तर तुला कळनार कसं? मशीन टरटरत आसताना दुखनं आयकूच येत न्हाई.”

“मला आयकायचंच न्हाई ते!”

“म्हनूनच,” ते म्हणाले आणि नाणं उडवलं. काटा आला. मशीन उजव्याला. डावा कोरा.

मी मशीन घेतलं ते पाय आपटत. पण त्यांच्या अटीवर घेतलेली वस्तू होती, आणि मी रागीट असले तरी लबाड नाही. उजव्याला लावत राहिले. उजवा खूश व्हायचा. डावा नुसता ठणकायचा आणि मी मनातल्या मनात काकांना नाही नाही ते बोलायचे.

चारेक दिवसांनी काका ओट्यापाशी आले. माझ्या पायाला त्यांनी हात लावला नाही, लावायचेही नाहीत. दुसरीकडे तोंड करून म्हणाले, “तूच दाब. अंगठ्यानं, गुडघ्याच्या खालून सुरू कर आन हळूहळू घोट्याकडं ये.” उजव्या नडगीवर सगळीकडे थोडं थोडं दुखलं. डाव्या नडगीवर बराच वेळ काही नाही, आणि मग एका जागी असं दुखलं की डोळ्यांत पाणी आलं. “तिथं पेनानं टिंब कर.” केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला डोळे मिटून पुन्हा दाबायला लावलं. किंचाळले तेव्हा डोळे उघडून बघितलं, अंगठा बरोबर टिंबावर होता.

काकांचा चेहरा उतरला. “मांसाचं दुखनं पसरतं. हे हाडाचं हाय,” म्हणाले. “चल.”

संगमनेरला त्यांच्या ओळखीचे हाडांचे डॉक्टर होते. एसटीत जागा असून काका उभे राहिले. मी दोनदा बसा म्हटलं. लोणी गाव मागे गेल्यावर ते दांड्याला धरून, खिडकीबाहेर बघत, कोणी विचारलं नसताना बोलायला लागले. काकू मी येण्याच्या आधीच गेल्या होत्या, एवढंच मला माहीत होतं.

“तिची मांडी दुखायची. मी तेल आनलं, पट्टा आनला, शेकायचं मशीन आनलं. आमच्याकडं ह्या मशिनीचा नाद तवापासनं हाय. लावलं की मी इचारायचो, कसं वाटतंय? ती म्हनायची, बरं वाटतंय. दर टायमाला. मला निवांत बसवत न्हाई, तुला म्हाईत हाय. तिला वाटायचं, ह्याला कशाला आजून पळवायचं. मी येवढा लॅबचा मानूस, आन घरात ‘बरं वाटतंय’वं इस्वास ठिवला. डाक्टरकडं ग्येलो तवा रोग हाडातनं सगळीकडं ग्येल्ता.”

कंडक्टर तिकीट विचारत आला. काकांनी त्याला तिकिटं दाखवली, घडी करून खिशात ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा ठेवली. मला त्यांच्याबद्दल इतकं वाईट वाटलं की मी माझा पाय विसरले. मी सरकून बसले आणि या वेळी ते बसले.

डॉक्टरांनी साधा फोटो काढला, त्यानं समाधान झालं नाही म्हणून मोठ्या मशीनमध्ये पाय घालायला लावला. हाडाला केसाएवढी चीर होती. पळणं बंद, म्हणाले. आराम केला तर भरून येईल. पळालात तर पूर्ण मोडू शकतं, कदाचित ग्राउंडवरच. मी तारीख सांगितली. त्यांनी मान हलवली.

मग जे दिवस गेले ते मी कुणाच्या वाट्याला यावेत म्हणणार नाही. सर खोलीवर आले. “गोळी खा, स्प्रे मार, दोन्ही पायांला मशीन लाव. आठशे मीटर हायेत. तीन मिनिटं दात खायचे. पोरी मोडलेल्या पायानं पळाल्यात.” ते खोटं बोलत नव्हते. तशा पोरी मलाही माहीत होत्या आणि त्यांतली एक वर्दीत होती. वडिलांना फोन केला तर ते म्हणाले, “तू म्हनशील तसं,” आणि मला त्यांचा राग आला. कुणीतरी पळ म्हणावं किंवा पळू नको म्हणून दरडवावं असं वाटायचं. खाटेवर बसवेना, उभं राहवेना, पुस्तक उघडलं तर अक्षरं सरकायची. बॅगेत बूट भरायचे, काढायचे. मैत्रीण मशीन लावायची आणि माझ्याकडे बघून बंद करायची.

ग्राउंडच्या आदल्या संध्याकाळी मी खाली गेले आणि काकांवर ओरडले. “त्या दिवशी नानं दुसरीकडं पडलं आसतं तर मला कळलंबी नसतं! मशीन लावलं आसतं, बधिर झालं आसतं, पळाले आसते!”

“व्हय,” काका म्हणाले. “पळली आसतीस.”

एवढंच. पुढे स्वतःची बाजू घेतील असं वाटलं होतं, ती त्यांनी घेतली नाही.

पहाटे बॅचची जीप फाटकापुढे उभी राहिली. मैत्रीण बॅग घेऊन जिना उतरली. मीही बॅग घेऊन उतरले, बूट घातलेले, केस घट्ट बांधलेले. काका अंगणात होते. म्हणाले, “जायचं म्हनलीस तर मी मागनं स्कूटरवं येतो. न्हाई म्हनायचा मला हक न्हाई.” सरांनी जीपमधून आवाज दिला. मी बॅग खाली ठेवली, पँट वर सारली, डोळे मिटले आणि अंगठ्यानं डावी नडगी दाबत घोट्याकडे आले. त्याच जागी कळ आली.

“सर, तुमी जावा,” मी म्हणाले.

जीप गेली. मैत्रीण मागच्या काचेतून बघत होती. तिची निवड झाली पुढे, आणि मला खरंच आनंद झाला. आनंदापेक्षा हेवा जास्त झाला, पण आनंदही झाला. त्या सकाळी मात्र मी ओट्यावर बसून हमसाहमशी रडले. काका फेऱ्या मारत राहिले. माझं रडणं संपलं तेव्हा मी त्यांना विचारलं, “मी बरं केलं ना, काका?”

ते थांबले. मला वाटलं, आता म्हणतील बरं केलंस. माझी फार इच्छा होती त्यांनी तेवढं म्हणावं, खोटं का होईना.

“सांगता येनार न्हाई, पोरी,” ते म्हणाले. “तुज्यासारखी दुसरी एक पायजे हुती. ती जीपमधी बसून ग्येली आसती, आन तू हितं राहिली आसतीस, तर दोघींना शेजारी हुबं करून मी सांगितलं आसतं. पन तू येकच हायेस. मला न्हाई म्हाईत.” ते पुन्हा फेऱ्या मारायला लागले. “काकूचंबी मला न्हाई म्हाईत. लवकर ग्येलो आसतो तर काय झालं आसतं, ते कुनाकडं बघून सांगू?”

मग मलाही बसवेना. उठले आणि आम्ही दोघं कालव्याच्या रस्त्याला लागलो. तो माणूस कधी चालायचा नाही, पळायचाच, पण त्या दिवशी माझ्या लंगडण्याच्या बेतानं चालला.  उजाडलं होतं, ऊसतोडीच्या टोळ्या फडांकडे निघाल्या होत्या. नगरला आता उंची मोजून झाली असेल, आता रांगेत उभ्या केल्या असतील, आता शिट्टी, असं माझ्या डोक्यात चाललेलं. काकांनी एकदा विचारलं, “कसं वाटतंय?” आणि विचारल्यावर स्वतःच घाबरल्यासारखे माझ्याकडे बघायला लागले.

“दुखतंय,” मी म्हणाले. “लई दुखतंय, काका.”

“मंग थांब,” ते म्हणाले, आणि आम्ही रस्त्याच्या कडेला थांबलो.